गावात काय धंदा चालेल: शोधताना केलेल्या नोंदी

३ मार्च २०२४

चाकणचं काम कॉन्ट्रॅक्टवरचं होतं, फेब्रुवारीत ते संपलं आणि परत दुसऱ्या ठेकेदाराच्या मागं फिरायचं नाही असं ठरवून गावी आलोय. गाव पलूस तालुक्यात, ऊस द्राक्ष सोयाबीनचा पट्टा. हातात आयटीआय वायरमनचं सर्टिफिकेट, मेंटेनन्सचा चार वर्षांचा अनुभव आणि साठवलेले लाखभर रुपये. अप्पांचं म्हणणं एकच, की शेतीत दोघांचं भागत नाही तू तुझं काहीतरी बघ पण जमिनीवर कर्ज काढायचं नाही. मला मान्य आहे.

आजपासून लिहून ठेवतोय, कारण डोक्यात रोज नवीन आयडिया येते आणि दुसऱ्या दिवशी आधीची विसरते.

गेला आठवडाभर युट्यूबवर घरबसल्या धंद्याचे सगळे व्हिडिओ बघितले. पत्रावळी मशीन, अगरबत्ती मशीन, कापूर वडी, पेन बनवणं, फुलवाती. बहुतेक व्हिडिओत शेवटी मशीनवाल्याचा नंबर असतो आणि "तयार माल आम्हीच परत घेऊ" असं सांगितलेलं असतं. त्यात पक्की विक्री कुणाची होते तर मशीन विकणाऱ्याची, आपल्या मालाचं पुढं काय ते आपलं आपण बघायचं. शिवाय हे व्हिडिओ सगळा महाराष्ट्र बघतोय, म्हणजे तीच अगरबत्ती प्रत्येक गावात चार जण करणार. त्यामुळं हा रस्ता बंद. आयडिया आपल्या गावातल्या माणसांच्या अडचणीतनं काढायची, ती पण मला हाताने करता येईल अशीच.

१० मार्च

पारावर बसून विचारलं की गावात काय धंदा चालेल. उत्तरं ठरलेली आली, चहाची फ्रँचायजी, चायनीजचा गाडा, चिकन सेंटर, जिम. कुणी वाईट सांगत नाही पण माणूस शहरात जे बघून आलेला असतो तेच सांगतो. स्वतः तिथं पैसे घालणार का विचारलं की हसून विषय बदलतो.

मग प्रश्नच बदलला. "तात्या, मागच्या महिन्यात गावाबाहेर कशाकशासाठी जावं लागलं आणि किती पैसे गेले?" एवढंच विचारायचं. यावर माणसं भरभरून बोलतात, कारण घडलेलं सांगायचं असतं, मनाचं काही रचायचं नसतं. कुणी पाण्याची मोटर जळली म्हणून वाइंडिंगला पलूसला, कुणी मोबाईलच्या डिस्प्लेला, कुणी सातबारा आणि फॉर्म भरायला सेतूत, कुणी नातीच्या ड्रेसला फॉल-पिको नीट होत नाही म्हणून थेट सांगलीला. एक आजी म्हणाल्या, "आरं चटणी कांडायला दोन गावं पल्याड जातोय आमी, दिवस जातो बघ नंबर लावून."

वहीत एक पान आखलं, गावातनं पैसा कुठं जातो. त्या पानावर फक्त झालेले खर्च लिहायचे, कुणाचं मत लिहायचं नाही. आता रोज भेटेल त्याला हेच विचारतोय, दूध डेअरीवर सकाळी, सोसायटीत दुपारी आणि आईच्या बचत गटाच्या मिटिंगला ज्या बायका येतात त्यांना आईकडून. बायकांकडनं जास्त नेमकं कळतं. घरातला किरकोळ पैसा कुठं जातो ते त्यांना पै न पै पाठ असतं.

२४ मार्च

पानावर बरंच जमलं. दोन गोष्टींचा हिशोब मांडून बघितला.

पहिली चटणी कांडप. आमच्याकडं मार्च ते मे घराघरात वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, ब्याडगी, संकेश्वरी, जवारी मिरची मिळून घरटी सात-आठ किलो तरी असतेच. कांडपाला किलोवर दर असतो, मिरची लोकांची, आपला फक्त डंख (कांडायचं मशीन) आणि लाईट. गिऱ्हाईक नक्की आहे यात शंकाच नाही, पण तीन महिने. जूननंतर मशीन झाकून ठेवायचं आणि त्याला पॉवरचं वेगळं कनेक्शन लागतं. वहिनीला मात्र हे पटलंय, ती म्हणती कांडपाबरोबर गटातर्फे चटणी पॅक करून विकायची, पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्याच गावच्या पोरांना पाठवली तरी खूप झालं. तिच्यासाठी माहिती काढली. वर्षाची उलाढाल १२ लाखाच्या आत असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं साधं रजिस्ट्रेशन लागतं, त्याची फी वर्षाला १०० रुपये. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या सदस्याला ४० हजारापर्यंत बीजभांडवल मिळतं आणि मशीनरीला कर्ज काढलं तर ३५ टक्के सबसिडी आहे, जास्तीत जास्त १० लाख. हा धंदा तिचा, मी मोटर आणि बेल्टचं बघीन.

दुसरी बेदाणा पॅकिंग. हे सगळ्यांनीच सुचवलं कारण शेडवर बेदाणा डोळ्यासमोर दिसतोय. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून रॅकवर टाकायची, पंधरा-वीस दिवसांत सुकतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, नाव आहे. पण माल एप्रिलला विकत घ्यायचा, कोल्ड स्टोरेजला ठेवायचा आणि चांगला उठाव रमजान, गणपती, दिवाळी अशा सणांना. म्हणजे सहा-सहा महिने पैसा अडकून. लाखभरात फार माल फिरणार नाही आणि समोर ज्यांचे बापजादे हेच करत आले असे तासगावचे व्यापारी. धंदा चांगला आहे, पण माझ्या खिशाचा नाही. लोक आयडिया चांगली की वाईट एवढंच बघतात. माझ्या मते पैसा किती दिवस अडकतो ते आधी बघावं, लहान माणसाला तिथंच दम लागतो.

९ एप्रिल, पाडवा

आज सुट्टी म्हणून मित्राबरोबर किर्लोस्करवाडीला गेलो. लहानपणापासून स्टेशनचं नाव ऐकतोय पण यावेळी लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल जरा नीट वाचून गेलो होतो. १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात. पुढं कडबाकुट्टी, म्हणजे कडबा बारीक करायचं मशीन, आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी नांगर घेईनात, तरी ते मागं लागून राहिले. बेळगावातली जागा गेली तेव्हा औंधच्या राजांनी जमीन दिली आणि १९१० ला कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला.

मला त्यातली कडबाकुट्टी सगळ्यात आवडली. जनावराला अख्खा कडबा टाकला की ते पाला खातं आणि बुडखा तुडवतं, निम्मी वैरण वाया. हे प्रत्येक शेतकऱ्याच्या गोठ्यात रोज दिसत होतं. तिकडं भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ ची, त्यांच्या हाताशी पण काय तर कृष्णाकाठची जनावरं आणि दारातली रेल्वे. म्हणजे आमच्याच तालुक्यात, सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरात, दोन एवढे मोठे धंदे गोठ्याच्या आधारानं वाढलेत. मग आपण गोठा आणि शेड सोडून युट्यूब का बघत बसायचं?

परत येताना ठरवलं की आता माणसांना विचारणं बास, शेड उघडून बघायची.

१८ एप्रिल

हे फार कामाचं निघालं. भावकीतल्या आणि वस्तीवरच्या घरांत जाऊन "बंद पडलेलं काय काय पडून आहे दाखवा" म्हणलं. लोकांना गंमत वाटली पण दाखवलं. पंखे, मिक्सर, एक-दोन घरगुती चक्क्या, आणि जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये औषध फवारायचा पाठीवरचा बॅटरी पंप. काही ठिकाणी तर दोन-दोन. द्राक्षबागेला ट्रॅक्टरचा ब्लोअर असतो पण सोयाबीन, भाजीपाला, उसातलं तणनाशक ही कामं सगळी पाठीवरच्या पंपावर.

गोष्ट अशी की पंप दोन-तीन हजाराला येतो, एखादा दुसरा सीझन चालतो आणि बंद पडला की ज्या कृषी सेवा केंद्रातनं घेतला ते म्हणतात आमच्याकडं दुरुस्ती नाही, सांगलीला द्या. सांगलीला पंप घेऊन एसटीतनं कोण जाणार, औषधाच्या वासाचा पंप कंडक्टर आत घेत नाही. मग माणूस नवीन घेतो आणि जुना शेडच्या माळ्यावर जातो. वहीतल्या पानावर हा खर्च कुणीच सांगितला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ती नवीन खरेदी होती, दुरुस्तीचा खर्च म्हणून तो कुणाच्या डोक्यातच नव्हता.

काही पंप घरी आणून खोलले. बहुतेकात १२ व्होल्ट ८ एएचची लेड ॲसिड बॅटरी आणि डायफ्रामची छोटी मोटर. निम्म्याहून जास्त पंपांत बॅटरीच मेलेली. सीझन संपला की पंप आहे तसा ठेवून देतात, बॅटरी अर्धवट उतरलेली असते आणि तशीच सहा महिने राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्जिंगला लावा ती भरत नाही. महिन्या-दीड महिन्याने एकदा चार्ज केली असती तर टिकली असती, पण हे त्यांना विकताना कुणी सांगितलेलंच नाही. बाकीच्यात चार्जिंगचा सॉकेट गंजलेला, प्रेशर स्विचचे पॉइंट जळालेले, स्पीडच्या बटणाचा रेग्युलेटर गेलेला, नाहीतर आतली वायर औषधाने खाल्लेली. मोटर जळालेले अगदी थोडे. सगळं मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि चार पान्यांचं काम, मला चाकणला यापेक्षा अवघड रोज असायचं.

रात्री झोप लागली नाही आनंदाने.

२८ एप्रिल

खोललेले पंप चालू करून देताना अप्पा म्हणले पहिल्यांदा फुकट दे, नाव होईल. मी नको म्हणलं. फुकट दिलं की कुणीही घेतं, त्यातनं लोकांना याची किंमत आहे का ते कळत नाही. मजुरी १५० रुपये आणि पार्टचे वेगळे, आधी सांगून. बॅटरी बदलायची असेल तर सगळं मिळून नवीन पंपाच्या निम्म्यापेक्षा कमीत बसलं पाहिजे, नाहीतर माणूस नवीनच घेणार आणि त्याचं बरोबर आहे.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आणि दोन फोटो टाकले, आधीचा आणि नंतरचा. संध्याकाळपर्यंत लोक पंप घेऊनच दारात. दुकान नाही, बोर्ड नाही, गोठ्याशेजारच्या पत्र्यात टेबल टाकलंय. जोपर्यंत पत्र्यात मावतंय तोपर्यंत भाड्याचा गाळा बघायचा नाही.

पार्टसाठी सांगलीत दोन दुकानं फिरलो, मोटर आणि बॅटरी मिळते पण प्रेशर स्विच, रेग्युलेटर सुटा देत नाहीत. पुण्यात तपकीर गल्लीत सगळं सुटं मिळालं, मित्राकडून पार्सल मागवलं, दरातही चांगलाच फरक आहे. बॅटरी मात्र सांगलीतनंच घ्यायची, वॉरंटीला बदलून आणायला जवळ पडतं.

८ मे

काल मतदान होतं त्यामुळं सगळा गाव एका जागी, शाळेबाहेर सावलीत उभं राहून बरीच चौकशी झाली. शेजारच्या दोन गावांतनं पण विचारणा आली.

आता प्रश्न वर्षभराचा. पंपाची गर्दी जून ते सप्टेंबर, मग पुढं काय? आज वर्षाचं कॅलेंडर मांडलं. ऑक्टोबरला फळछाटणी सुरू झाली की द्राक्षवाल्यांना ब्लोअर बंद पडून चालत नाही, तिथं नोझल, होस, एचटीपी (जास्त दाबाने औषध मारणाऱ्या) पंपाच्या सील आणि ऑइलचं काम असतं, ते मला शिकावं लागेल. फेब्रुवारीपासून पंखे, कूलर, घरगुती चक्की. कडबाकुट्टीच्या पात्यांना धार लावणं बारमाही आहे, हे काकूंनी सुचवलं, "पाती बोथट झाली की मोटर बी लोड घेती आणि आमचा हात बी भरून येतो." बरोबर बोलल्या, आणि धारेला फक्त ग्राइंडर लागतो जो माझ्याकडं आहे.

मोटर वाइंडिंगला हात लावायचा नाही असं तूर्त ठरवलंय. पलूसला त्यात मुरलेले लोक आहेत, त्यांच्याकडं मीच मोटरी पाठवीन, ते मला पंप पाठवतील. बोलणं झालंय.

२० मे

सांगलीला जिल्हा उद्योग केंद्रात गेलो. नीट माहिती मिळाली. पीएमईजीपी या केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, ग्रामीण भागात जनरलला २५ टक्के आणि महिला व राखीव गटांना ३५ टक्के सबसिडी, जनरलला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. पण सबसिडी हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू दिसला तर नंतर कर्जात वळती होते. बरेच जण सबसिडी आहे म्हणून प्रकल्प मोठा करतात आणि हप्त्याखाली येतात, हे मला गावात दोन ठिकाणी दिसतंय. माझी गरज आत्ता हत्यारं आणि पार्टची, ती साठवलेल्या पैशात भागते. लागलंच तर मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज आहे ५० हजारापर्यंत, तारण लागत नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र घरी बसून केलं. आधार आणि पॅनवर होतं आणि पूर्ण फुकट आहे, सरकारच्या साइटवर एक रुपया लागत नाही. गुगलवर वर ज्या साइट येतात त्या हजार-दीड हजार मागतात, त्यांच्याकडं जाऊ नका, ओळखीतल्या सगळ्यांना हे सांगतोय. जीएसटी सेवेला २० लाखाच्या उलाढालीपर्यंत नाही.

वहिनीला तिथंच आरसेटीची माहिती मिळाली, बँकेचं ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण, राहणं-जेवणासह फुकट असतं. मसाल्याची बॅच निघाली की ती आणि गटातल्या दोघी जाणार. आई आत्ताच बॅग कुठली न्यायची ते ठरवतीय.

११ जून

पाऊस लागला, पेरण्या सुरू झाल्या. सोयाबीन उगवून पंधरा-वीस दिवस झाले की तणनाशकाची घाई, त्याआधी सगळ्यांना पंप चालू पाहिजे. पत्र्यात जागा कमी पडायला लागली.

एक गोष्ट मला यात धंद्यापेक्षा मोठी वाटायला लागलीय म्हणून सविस्तर लिहितो. जे पंप येतात त्यातले कितीतरी गळके असतात. झाकणाचा वायसर फाटलेला, टाकीच्या तळाला चीर, होसचा क्लिप सैल. माणूस म्हणतो "त्ये चालतंय, नुसती मोटर चालू करा." पण ते पाणी त्याच्या पाठीवरून पँटमध्ये उतरतंय, दिवसभर औषधात भिजलेली बनियन अंगावर असते, आणि औषध कातडीतनं पण आत जातं. २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने २० पेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. ती बातमी आम्ही टीव्हीवर बघितली आणि विसरून गेलो. म्हणून नियम केलाय, गळका पंप मी गळती काढल्याशिवाय परत देणार नाही, वायसरचे पैसे नाही दिले तरी चालतील. सोबत हातमोजे आणि मास्क खरेदीच्या दरात ठेवलेत. बरीच पोरं नको म्हणतात, त्यांच्या आया मात्र घेऊन जातात.

दुसरं म्हणजे टू-फोर-डी. उसातल्या रुंद पानाच्या तणाला मारतात आणि द्राक्षाला ते अजिबात सोसत नाही, नुसतं वाऱ्याने उडून आलं तरी पानं आकसून पंख्यासारखी होतात. सोयाबीन, टोमॅटो, मिरचीचंही तेच. आणि ते साध्या पाण्याने एकदा विसळून पंपातनं जात नाही. एकाच पंपाने सोमवारी ऊस आणि गुरुवारी मिरची मारली की पीक गेलं, मग औषध डुप्लिकेट होतं म्हणून दुकानदाराशी भांडण. आता माझ्याकडं आलेल्या प्रत्येक पंपाला विचारतो हा कशाला वापरता, आणि तणनाशकाचा असेल तर झाकणाला आणि दांडीला लाल रंग. लोकांच्या माळ्यावर जुना पंप पडलेलाच असतो, तो चालू करून तणनाशकाला वेगळा ठेवा म्हणतो. हे शेतकऱ्यांना लगेच पटतं कारण प्रत्येकाने एखादा वाफा असा जळालेला बघितलेला असतो. दुरुस्तीचं निम्मं काम आता या लाल पंपांचंच आहे.

माझ्यासाठीही नियम आहे. पंप तीनदा धुवून आणायचा, न धुतलेला घेत नाही. खोलताना हातमोजे, आणि लहान पोरं पत्र्यात येऊ द्यायची नाहीत, पुतण्या रोज डोकावतो त्याला दारातनंच परत पाठवतो.

३० जून

महिन्याचा हिशोब केला. पार्ट, लाईट, पेट्रोल वजा जाऊन चाकणच्या पगाराच्या जवळपास उरलेत. हा सीझनचा महिना आहे, खरं काय ते जानेवारीत कळेल, म्हणून त्यातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यावर टाकला, मंदीच्या महिन्यांसाठी.

आता दोन मित्र विचारतायत आम्ही पण आमच्या गावात काय करू. त्यांना मी पंप दुरुस्ती करा असं सांगितलं नाही. एकाचं गाव शिराळ्याकडं डोंगरात आहे, तिथं भात आणि जनावरं, तिथली माळ्यावरची अडगळ वेगळी असणार. त्याला म्हणलं तुझ्या गावातली दहा-वीस शेडं उघडून बघ, बायकांना पैसे कुठं जातात विचार, आणि जे निघेल त्यात तुला हाताने काय येतं ते बघ. तो पुढच्या रविवारी वही घेऊन येतोय, दोघं मिळून मांडू.

बाकी राहिलेली कामं. लिथियम बॅटरीचा एक पंप चाचणीला घ्यायचाय, महाग पडते पण हलकी आहे आणि पडून राहिली तरी लेड ॲसिडपेक्षा चांगली टिकते म्हणतात, स्वतः सीझनभर वापरून बघितल्याशिवाय कुणाला देणार नाही. ऑगस्टमध्ये बोरगावच्या एका ब्लोअर मेकॅनिककडं आठवडाभर हाताखाली राहायचं ठरलंय, छाटणीच्या आधी एचटीपीचं काम हातात बसलं पाहिजे. आणि सीझन संपला की प्रत्येक गिऱ्हाईकाला महिन्याच्या एक तारखेला "पंप चार्जिंगला लावा" असा मेसेज टाकायचा. अप्पा म्हणतात अशाने बॅटऱ्या टिकतील आणि तुझंच काम कमी होईल. होऊ दे. नंबरांची यादी वहिनी मोबाईलमध्ये भरतीय, निम्मी झाली.